नीळ

मिरजेच्या पाळणा-पहारा केंद्रात कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसे. बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही डोळे पडद्यावर असत. पडद्यावर पाळणे. सांगली जिल्ह्यात जन्मलेलं मूल दवाखान्यातून घरी गेलं, की त्याच्या पाळण्याच्या दांडीला सुपारीएवढा कॅमेरा बसवला जाई. पुढचे दहा दिवस केंद्रातल्या परिचारिका त्याच्यावर नजर ठेवत. श्वास, ताप आणि हालचाल यांवर यंत्राचं लक्ष असे. रंग मात्र माणसांवर सोपवला होता.

त्याला कारण होतं. घराघरांतला उजेड निराळा. कुठे जुना पिवळा दिवा, कुठे पोपटी भिंत, कुठे गुलाबी मच्छरदाणी. गुलाबी मच्छरदाणीतलं प्रत्येक बाळ यंत्राला तापलेलं वाटे आणि त्याला आणायला केंद्राची गाडी धावत सुटे. माणसाचा डोळा ही चूक करत नाही. तो आधी उजेडाचा रंग ताडतो, तो वजा करतो आणि मग वस्तूचा रंग सांगतो. संध्याकाळच्या तांबूस उन्हातही दूध आपल्याला पांढरंच दिसतं ते यामुळे. "यंत्राला रंग मोजता येतो, ओळखता येत नाही," असं केंद्राचे प्रमुख डॉ. हैदर मुल्ला पाहुण्यांना सांगत. ते नवजात बाळांचे डॉक्टर. बाळांशी बोलून बोलून मोठ्यांशीही ते थोडं लाडात बोलत.

पण ओळखणारे डोळे थकत होते. आठ-आठ तास पडदा पाहणारा माणूस पापणी लववायचं विसरतो. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, कपाळ ठणकतं. वर्षभरात निम्म्या परिचारिकांनी बदली मागितली, तेव्हा केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. गिरिजा आवटी यांच्याकडे हे काम आलं. गिरिजा प्रकाशशास्त्रज्ञ. मूळची सांगलीची, हळदीच्या पेठेतल्या घरातली.

तिने तयार केलेल्या काचेत दोन गुण होते. पडद्याच्या उजेडातला निळा पट्टा ती जवळजवळ सगळा गाळून टाकी, त्यामुळे पडद्याची धार बोथट होई. आणि डोळा फार वेळ लवला नाही, की तिची मधासारखी छटा आणखी गडद होत जाई. पापणी लवली की काच पुन्हा पूर्वीसारखी. हा बदल इतका सावकाश होई की कुणाच्या लक्षात येत नसे, पण डोळा नकळत लवायला शिके. गिरिजाने तिला नाव दिलं निळगाळ काच.

"निळगाळ?" मुल्ला म्हणाले होते. "कृष्णेतला गाळ आठवतो ओ मॅडम. दुसरं काही सुचलं नाही?"

"चहाची गाळणी आठवा."

"चहात गाळ राहिलेलाच मला आवडतो."

नावाची थट्टा झाली, चष्म्याची झाली नाही. महिन्याभरात चुरचुर थांबली. परिचारिका तो चष्मा बसमध्ये घालू लागल्या, मग घरी, मग स्वयंपाक करतानाही. काढला की उजेड बोचल्यासारखा वाटे, म्हणून काढेनाशा झाल्या. ज्यांना आधी साधी काच देऊन तुलना चालवली होती, त्यांनीही आपल्याला डावललं म्हणून तक्रार केली आणि त्यांनाही निळगाळ मिळाली. आता जिल्ह्यातल्या कचेऱ्यांतून, शाळांतून, दुकानांच्या गल्ल्यांवर सगळीकडे मधाच्या रंगाचे डोळे दिसत. गिरिजा स्वतः सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तो घाली. तिने आईला एक दिला होता, आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला, मुक्तालाही.

मुक्ताला मुलगी झाली होती. आई आणि लेक दोघी घरी आल्या होत्या, पाळण्याला कॅमेरा लागला होता, आणि जतहून विहीणबाई नात पाहायला आल्या होत्या.

विहीणबाईंचं नाव शेवंताबाई. घरात चष्मा नसलेल्या त्या एकट्याच. डोळ्यांवर काच लावणं हे म्हातारपणाचं लक्षण आहे असं त्यांचं मत होतं आणि म्हातारपण त्यांना अजून मान्य नव्हतं. पाळण्याशी वाकून त्यांनी नातीला न्याहाळलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "पोरगी पिवळी पडलीया की! आमच्याकडं कुणी न्हाई बा असल्या रंगाचं."

गिरिजाच्या आईच्या हातातली बशी थांबली. विहिणीच्या तोंडून मुलीच्या रंगाची गोष्ट निघाली, की ती कुठल्या दिशेने जाते हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"हळदीच्या गावात जन्मलीय, विहीणबाई. न्हाणाच्या पिठात हळद असते. जतला मिळत नसेल."

"मिळती की. पर आमी ती आमटीत घालतो."

"आमच्याकडे लेकरांनाही लावतात. कांती उजळते."

"उजळू द्या," शेवंताबाई म्हणाल्या आणि बाळाच्या मुठीत एक नोट कोंबून चहाकडे वळल्या.

त्या गेल्यावर मुक्ता रडली. "मुलगी झाली म्हणून बोलल्या. मुलगा असता तर सोन्यासारखा म्हणाल्या असत्या."

"तू रडू नकोस, दूध आटेल," आई म्हणाली. "गिरिजा, तूच सांग. पिवळी दिसते का गं?"

गिरिजाने पाळण्यात पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं. "गुलाबाचं फूल आहे," ती म्हणाली. आणि तिला तसंच दिसत होतं.

"आणि किती गुणाची," आई म्हणाली. "रडत नाही, त्रास देत नाही. प्यायलासुद्धा उठवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुल्ला जिना चढून प्रयोगशाळेत आले. एरवी ते फोन करत. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली, आणि थट्टेने सुरुवात केली नाही.

"मॅडम, तुमच्या गाळणीतून काहीतरी गळून चाललंय."

"काय झालं?"

"कावीळ. नवजात बाळाच्या रक्तात पिवळं द्रव्य साठतं, हे तुम्हाला माहीत आहे. निम्म्याहून जास्त बाळांना थोडंफार होतंच, बहुतेकांचं आपोआप उतरतं. ज्यांचं चढत जातं त्यांना आपण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पकडायचो. सिस्टर पडद्यावर बघून सांगायची, हे बाळ पिवळं दिसतंय, घेऊन या. साधी गोष्ट. आता ती बाळं पडद्यावरून येत नाहीत. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, की घरचेच उचलून आणतात. तोवर उशीर झालेला असतो. ते द्रव्य मेंदूत उतरलं तर परत निघत नाही. गेल्या महिन्यात एका बाळाचे दोन्ही कान गेले. आई हाक मारते, ते बघत नाही."

गिरिजाने विचारलं, "सिस्टर काय म्हणतात?"

"कोरे सिस्टर वीस वर्षं बाळं बघतेय. ती म्हणते, मी ते बाळ तीनदा बघितलं, पिवळं नव्हतं. शपथ घ्यायला तयार आहे. मी ते चित्रण काढून स्वतः बघितलं. मलाही नव्हतं दिसत."

"तुम्ही चष्मा घालून बघितलंत?"

मुल्लांनी नाकावरचा मधाच्या रंगाचा चष्मा बोटाने चाचपला. "म्हणून तर वर आलो."

गिरिजाने टेबलावरचा पडदा उजळला. त्यावर हळकुंडाचं चित्र होतं. हळदीच्या पेठेतल्या चुलतभावाने कधीतरी पाठवलेलं. तिने मुल्लांच्या हातात भिंग दिलं.

"जवळून बघा. हळकुंडात काय दिसतं?"

मुल्ला वाकले. "ठिपके. तांबडे आणि हिरवे."

"पिवळा?"

"पिवळा... नाहीच की."

"नसतोच. पडद्यात तीनच दिवे असतात. तांबडा, हिरवा, निळा. तिन्ही पेटले की आपल्याला पांढरं दिसतं. तांबडा-हिरवा पेटलेला ठेवून निळा विझवला, की मेंदू म्हणतो, पिवळं. पडद्यावर पिवळा रंग म्हणजे निळ्याची गैरहजेरी. दुसरं काही नाही." तिने स्वतःचा चष्मा पडद्यासमोर धरला. "आणि ही काच काय करते? निळा जवळजवळ सगळाच गाळते."

"म्हणजे सगळंच पिवळं होतं."

"पहिले दोन-तीन दिवस तसंच दिसतं. आठवतं? सगळ्या जणी म्हणत होत्या, पिवळं दिसतंय. मग मेंदूने हिशेब केला की उजेडच पिवळा आहे, आणि तो वजा करून टाकला. पुन्हा सगळं पांढरं. तुम्ही पाहुण्यांना जो डोळ्याचा मोठेपणा सांगता, तोच हा. पण चांगलं बाळ आणि कावीळ झालेलं बाळ यांच्यातला फरक फक्त निळ्यात होता. तो काचेतच अडकला. काचेच्या अलीकडे पोचतात ती दोन्ही बाळं सारखी."

मुल्लांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, अशी म्हण आहे ना तुमच्यात?"

"आपल्यात. आहे."

"उलटी झाली की ओ. सगळं जग पिवळं बघणाऱ्याला कावीळच दिसेना."

उपाय सोपा होता आणि तो दोघांना एकदमच सुचला. चष्मा काढायचा. दिवसभर नाही, नाहीतर डोळ्यांचे हाल पुन्हा सुरू. प्रत्येक पाळीत एकदा घंटा वाजेल. सगळ्यांनी चष्मे काढायचे, आपल्या वाट्याचे सगळे पाळणे एकेक करून बघायचे, मग चष्मे परत डोळ्यांवर. गिरिजाने तिथल्या तिथे त्याला वर्णफेरी हे नाव दिलं. मुल्लांनी आदेश लिहायला घेतला आणि मध्येच थांबले.

"आधी पडताळून बघायचं का? चार-सहा बाळांवर?"

"काय पडताळायचं?" गिरिजा म्हणाली. "अडथळा काचेचा आहे. काच काढली की अडथळा गेला. पडताळण्यात दिवस घालवला तर त्या दिवसातलं बाळ कुणाचं?"

ते मुल्लांना पटलं. आदेश निघाला.

जिना उतरणाऱ्या मुल्लांची पाठ दिसेनाशी झाली, आणि गिरिजाच्या कानात जतकडचा एक आवाज वाजला. पोरगी पिवळी पडलीया की. ती पर्स घेऊन निघाली. मिरज ते सांगली रस्ता नेहमीपेक्षा लांब वाटला.

बाळंतिणीच्या खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन खिडकीतून आलं होतं. मुक्ता डुलकी घेत होती. बाळ पाळण्यात होतं. गिरिजाने खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला, पाळण्याजवळ उभी राहिली आणि चष्मा काढला.

उजेड बोचला. डोळे मिटून तिने उघडले. कित्येक महिन्यांत तिने ही खोली उघड्या डोळ्यांनी पाहिली नव्हती. भिंतींना गेल्या दिवाळीत दिलेला पांढरा रंग निळसर वाटत होता. दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांना आईने नीळ जरा जास्तच दिली होती. झोपलेल्या मुक्ताच्या ओठांवर जांभळट झाक होती. बाळंतिणीच्या अंगात रक्त कमी असतं, तिला लोहाच्या गोळ्या विचारायला हव्यात, असं गिरिजाच्या मनात येऊन गेलं. मग तिने पाळण्यात वाकून पाहिलं. कपाळ, गाल, छाती, इवले तळवे.

बाळ गव्हाळ गोरं होतं. थेट बाळाच्या रंगाचं. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

स्वतःच्या डोळ्यांनी, काचेविना, भर उन्हात पाहिलं होतं. आता शंकेला जागा नव्हती. तिने चष्मा पुन्हा चढवला. विहीणबाई टोमणा मारायला आल्या होत्या आणि मारून गेल्या होत्या.

सकाळी ती चहा घेत होती तेव्हा मुल्लांचा फोन आला. आवाजात पुन्हा लाड आला होता.

"मॅडम, मुबारक. काल दुपारपासून तिन्ही पाळ्यांत वर्णफेरी झाली. सगळे पाळणे बघितले. एकही बाळ पिवळं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. कोरे सिस्टर म्हणते, इतकी गोजिरी बाळं तिने जन्मात बघितली नाहीत."

गिरिजाने कप खाली ठेवला. "मुल्लासाहेब, काल तुम्हीच म्हणालात, निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी होतातच."

"होतात."

"मग जिल्ह्यातले सगळे पाळणे बघून एकही कसं नाही? थोडंसंसुद्धा?"

पलीकडे खुर्ची करकरली. "हे... हे माझ्या लक्षातच आलं नाही. आनंदात होतो."

"चष्मे खरंच काढले होते ना?"

"मी स्वतः उभा होतो. काढले. सगळ्या जणी कुरकुरल्या, डोळ्यांत उजेड जातोय म्हणून. बाळं चांगली दिसतात, पण पडदे बिघडलेत, अशीही तक्रार आली. पाळण्यातली चादर निळी दिसते म्हणे. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलंय."

"थांबा जरा," गिरिजा म्हणाली. फोन कानाशी धरून ती नुसतीच बसून राहिली. काहीतरी जवळ येत होतं आणि हाताला लागत नव्हतं. आई शेजारी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. बोलायचं म्हणून गिरिजा म्हणाली, "आई, बाळाच्या दुपट्यांना इतकी नीळ कशाला घालतेस?"

"नीळ?" आईने वर पाहिलं. "कुणी सांगितलं तुला?"

"काल बघितलं की मी. निळी निळी दिसत होती."

"काहीतरीच. लेकराच्या कपड्यांना कुणी नीळ घालतं का? अंगाला चावते. आणि नीळ कशासाठी असते गं? तुझ्या आजोबांची धोतरं पिवळी पडायची, तेव्हा द्यायची मी. पिवळ्याला नीळ दिली की पांढरं दिसतं. नव्या कोऱ्या पांढऱ्या दुपट्याला दिली तर ते निळंच नाही का होणार?"

गिरिजाने चष्मा काढला.

आईच्या मांडीवरची दुपटी निळसर झाली. भिंत निळसर झाली. बशीतलं दूध निळसर झालं. तिने स्वतःची नखं पाहिली. ती जांभळट होती.

दुपट्यांत नीळ नव्हती. ती तिच्या डोळ्यांत होती. महिनोन् महिने काचेने निळा अडवला, तसा मेंदूने जो थोडा उरला होता त्याला वाढवून वाढवून वाचायची सवय लावून घेतली. काच क्षणात निघते, सवय निघत नाही. तिला उतरायला दिवस लागणार. तोवर उघडा डोळा दिसेल त्या प्रत्येक वस्तूला नीळ देत राहणार. पांढरी वस्तू निळी दिसणार, आणि पिवळी...

ती उठून बाळंतिणीच्या खोलीत गेली. फोनमध्ये मुल्ला हॅलो हॅलो करत होते. भिंत निळसर, चादर निळसर, टोपडं निळसर, मुक्ताचा चेहरा पार निळसर. त्या अवघ्या खोलीत एकच गोष्ट आपल्या मूळ रंगात होती. पाळण्यातलं बाळ. गव्हाळ, गोरं, गोजिरं.

निरोगी बाळ तिला आत्ता मुक्तासारखं निळसर दिसायला हवं होतं.

"मुल्लासाहेब," ती म्हणाली, "वर्णफेरीत ज्या ज्या बाळाचा रंग छान दिसला, ती सगळी बोलवा. आधी ती."

"छान दिसली ती? मॅडम, तुम्ही काय बोलताय?"

"ज्यांच्या अंगावर निळसर झाक दिसली ती एक वेळ थांबतील. छान दिसतात त्यांना बोलवा. कारण सांगते. मी बाळ घेऊन निघालेय."

"कुणाचं बाळ?"

"आमचंच."

मुक्ता जागी झाली होती. "काय झालं, ताई? चांगली दिसतेय की ती."

"म्हणूनच," गिरिजा म्हणाली आणि तिने बाळ उचललं. बाळ रडलं नाही. तळव्याला टिचकी मारली तरी डोळे उघडले नाहीत. फार गुणाची होती.

दवाखान्यात मुल्लांनी बाळाच्या कपाळाला कातडीतलं पिवळं द्रव्य मोजणारा मापक टेकवला. मापकाला ना चष्मा होता, ना सवय. आकडा पाहताच त्यांनी सिस्टरला रक्त घ्यायला सांगितलं आणि स्वतः बाळ उचलून आत नेलं. मुक्ता दाराला धरून उभी राहिली. आईच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या तोंडून एकाच वाक्यात बाहेर पडलं. "मी हळदीवर ढकललं गं."

मुल्ला बाहेर आले ते टॉवेलला हात पुसत. "काठावर आहे. कालच्या भरवशावर आणखी एक दिवस काढला असतात, तर मी आत्ता तुमच्याशी दुसरंच काही बोलत असतो. रक्त बदलावं लागणार नाही असं वाटतंय. दिव्याखाली ठेवलंय. कानांची तपासणी करू, पण मला चिंता वाटत नाही. टाळी वाजवली तर दचकली."

काचेपलीकडे बाळ निव्वळ लंगोट्यावर झोपलं होतं. डोळ्यांवर मऊ पट्टी बांधलेली. वरून गर्द निळा उजेड पडत होता, कारण रक्तातलं ते पिवळं द्रव्य निळ्याच उजेडाने फुटतं आणि लघवीवाटे निघून जातं. गिरिजाने जो पट्टा जिल्ह्याच्या डोळ्यांआड केला होता, तोच. सिस्टरने सवयीने तिच्यापुढे निळगाळ चष्मा धरला. "मॅडम, हा उजेड बाधतो डोळ्यांना. घाला." गिरिजाने तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"एक सांगा," मुल्ला हळू आवाजात म्हणाले. "बोलावलेली बाळं येतायत. गाड्या लागल्यात. छान दिसणाऱ्यांत बहुतेक सगळी पिवळी निघाली. दोघांचा आकडा तुमच्या भाचीपेक्षा वर आहे, पण वेळेत आलीत. घरोघरी मापक पाठवायची मागणी मी आजच करतोय. पण ते यायला आठवडा जाईल. तोवर पडद्यावर बघायला कुणाला बसवू? चष्मा न घातलेला माणूस मला या इमारतीत सापडेना. दुरुस्तीवालासुद्धा घालून आलाय."

"डोळे परत यायला काही दिवस लागतील. सगळ्यांचे चष्मे आजच काढून घ्या. आणि बाहेरून माणसं आणा. ज्यांनी ही काच कधीच लावली नाही अशी."

"आहेत कुठे?"

गिरिजाने थोडा विचार केला. "जतला एक आहेत."

"नोकरी करतील का?"

"करतील. पण तुमच्या सगळ्या बाळांना नावं ठेवतील."

तो आठवडा संपायच्या आत बाळ घरी आलं. घरातले तिन्ही चष्मे आईने कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. तरी भिंत अजून सकाळी जराशी निळी वाटे, आणि दुपारी वाटत नसे. डोळे घरी परतत होते, पण सावकाश. तिघी पाळण्याभोवती उभ्या राहत, एकमेकींना विचारत, आणि कुणाचाच कुणावर विश्वास नसे. मापक अजून आला नव्हता.

रविवारी शेवंताबाई आल्या. या वेळी आईने त्यांना आधी चहा दिला, मग खारी दिली, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "विहीणबाई, जरा बघून सांगता का? पोरगी कशी दिसते?"

शेवंताबाईंनी संशयाने पाहिलं. "मागल्या खेपेला सांगितलं तर तोंड फिरवलंसा."

"तेव्हाचं सोडा. आज नीट सांगा. मनात काही ठेवू नका."

"मी कदी ठेवलंय?" शेवंताबाईंनी नातीला उचललं, उंबऱ्याशी उन्हात नेलं, या कुशीवरून त्या कुशीवर केलं. बाळाने भोकाड पसरलं. तिघी जवळ सरकल्या.

"खरं सांगू?"

"सांगा."

"काळी हाय."

"नक्की?" गिरिजाने विचारलं. "पिवळी नाही ना?"

"पिवळी कुठली? काळी म्हंजे काळी. पार तुमच्या वळणावर गेलीया."

मुक्ता मटकन खाली बसली आणि हसू लागली. आई आत गेली, साखरेचा डबा घेऊन आली आणि विहीणबाईंच्या हातावर तिने मूठभर साखर ठेवली.